खरा स्टिरिओ की बनावट? जुनी एलपी तपासायची रीत

“काय बे, दोन्ही स्पीकरमधून वेगवेगळं ऐकू येतंय की! मग स्टिरिओच झाला ना?”

सकाळी सकाळी मित्राचा फोन. १९५०च्या दशकातल्या हिंदी गाण्यांची एक एलपी त्याने जुन्या बाजारातून उचलली होती. कव्हरवर ठळक ‘स्टिरिओ’ छापलंय म्हणून शंभराच्या जागी चारशे मोजले होते. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्याकडची दुसरी एक रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे तिच्यात दोन्ही स्पीकरना एकच आवाज आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आधी ती लावली. तीही ‘स्टिरिओ’ वाजली! कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या छोट्या डबीच्या, मागच्या चार तारांपैकी दोन उलट्या बसल्या होत्या. त्या सरळ केल्या, मोनो रेकॉर्ड निमूट मधोमध आली, आणि चारशेवाली एलपी मात्र बनावट निघाली.

त्याचा कान वाईट नव्हता, क्रम चुकला होता. बहुतेकांचा तोच चुकतो. आधी ऐकतात, मग लेबल वाचतात, आणि प्लेअरकडे शेवटपर्यंत कोणी बघत नाही. शिवाय ‘डावं-उजवं वेगळं आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. वेगळं *काय* आहे, हे विचारायचं असतं. खालचा सगळा क्रम त्या एका प्रश्नासाठी आहे.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

एलपीच्या खाचेला दोन भिंती असतात, दोन्ही ४५ अंशांत तिरक्या. लेबलाकडच्या आतल्या भिंतीवर डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीवर उजवा. दोन्ही चॅनलमध्ये जे सारखं असतं ते सुईला आडवं हलवतं. जे वेगळं असतं ते सुईला वर-खाली हलवतं. मोनो रेकॉर्डची खाच फक्त आडवी वळते. हे वर-खालीचं प्रकरण पाचव्या टप्प्यात कामाला येणार आहे.

‘स्टिरिओ’ छापलेली जुनी रेकॉर्ड पुढच्यापैकी काहीतरी असते:

- खरा स्टिरिओ. मूळ ध्वनिमुद्रणच दोन किंवा जास्त ट्रॅकवर झालेलं.
- गाळलेला बनावट स्टिरिओ. एकाच मोनो टेपचा खर्ज एका बाजूला आणि तीव्र स्वर दुसऱ्या बाजूला ढकललेले.
- विलंबाचा बनावट स्टिरिओ. तीच मोनो टेप एका बाजूला काही मिलिसेकंद उशिरा वाजवलेली. पुष्कळदा गाळणी आणि विलंब दोन्ही एकत्र असतात, वर थोडा घुमारा फासलेला.
- मिश्र. जुना मोनो आवाज तसाच ठेवून त्यावर नवा ठेका, नवी वाद्यं स्टिरिओत चढवलेली.
- चक्क मोनो, फक्त कव्हर स्टिरिओचं.

## तयारी

इथे अर्धा तास घालवा. पुढचे दोन तास वाचतील.

सुई आणि कार्ट्रिज. जुन्या पोर्टेबल प्लेअरवर, फिएस्टासारख्या पेटीवर, तपासणी करू नका. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली हलायला तयार नसते. स्टिरिओ खाच वर-खाली जाते, सुई जात नाही, आणि मधल्या मध्ये खाच घासली जाते. एकदा गेलेली खाच परत येत नाही. उलटसुलट फिरवायची दुहेरी सुई असेल तर ती ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डच्या, बाजूवर नाही ना, तेही बघा. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन असते, स्टिरिओ एलपीच्या सुईची १८च्या आसपास. जाड सुई एलपीच्या खाचेत नीट बसतच नाही.

धूळ. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्याला धुळीबद्दल मी काय सांगणार! पण रेकॉर्ड नळाच्या पाण्याने धुऊ नका. आपलं पाणी जड आहे, खाचेत पांढरा थर बसतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा, सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात ठेवू नका. ४२-४३ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली एलपीसुद्धा पापडासारखी वाकते. मी स्वतः तीन घालवल्यात, त्यातली एक अशी की परत मिळायची नाही.

जागा. साखर पेठेत किंवा अशोक चौकाकडे, खाली माग चालू असलेल्या घरात राहत असाल तर माग बंद असतील त्या वेळी तपासा. मागाचा हादरा जमिनीतून वर येतो, सुईला वर-खाली हलवतो आणि थेट ‘वेगळेपणा’त मोजला जातो. टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर असेल तर उत्तम.

लॅपटॉप. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आणि स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंडकार्ड लागेल. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, ते बहुधा मोनो असतं. स्वस्त यूएसबी डोंगलचंही तेच. मग जगातली कुठलीही रेकॉर्ड मोनोच दिसते, आणि माणूस आनंदाने ‘बनावट सापडली’ म्हणून सांगत सुटतो.

दोन ओळखीच्या रेकॉर्ड. एक खात्रीची मोनो, एक खात्रीची स्टिरिओ. दोन्ही बऱ्या अवस्थेतल्या. यांच्याशिवाय पुढे जाऊ नका.

> तपासा: फोनोमधून येणाऱ्या दोन पिनांपैकी एक उपसा. ऑडॅसिटीत डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात, त्यातली एकच मेली पाहिजे. दोन्ही मेल्या किंवा एकही मेली नाही, तर जोडणी मोनो आहे.

## १. लेबल वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका

कव्हर सोडा, रेकॉर्डचं लेबल बघा. भंगारातून गठ्ठ्याने येणाऱ्या मालात कव्हर एकाचं आणि रेकॉर्ड दुसऱ्याची हे नेहमीचंच. आपल्याकडे तर तेलुगू भक्तिगीतांच्या कव्हरात मराठी नाट्यगीतं आणि कन्नड चित्रपटाच्या कव्हरात सतार निघते.

भारतीय एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी किंवा ईएएलपी अशी अक्षरं असली तर ती साधारणपणे मोनो. ईसीएसडी किंवा ईएएसडी असली तर स्टिरिओ. इंग्लंडच्या एचएमव्हीच्या सीएलपी-सीएसडी आणि एएलपी-एएसडी या जोड्यांना पुढे ‘ई’ लावलेला आहे, एवढं लक्षात ठेवलं की पाठ करावं लागत नाही.

अमेरिकी रेकॉर्ड हाती आली तर काम सोपं असतं, कारण तिथल्या काही कंपन्यांनी बनावट स्टिरिओला वेगळी खूण दिली होती. कॅपिटॉलवर डीटी म्हणजे त्यांचं ‘ड्युओफोनिक’, म्हणजेच बनावट. एसटी म्हणजे स्टिरिओ. नुसतं टी म्हणजे मोनो. आरसीएच्या एलएसपी क्रमांकापुढे कंसात छोटा ‘ई’ असेल तर ‘इलेक्ट्रॉनिक’ पद्धतीने केलेला स्टिरिओ. इंग्रजी कव्हरवर बारीक अक्षरांत ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’, ‘रीचॅनल्ड’ किंवा ‘स्टिरिओ इफेक्ट’ असं काही दिसलं की समजायचं. 

मग साल बघा. रेकॉर्ड छापल्याचं नव्हे, गाणं मुद्रित झाल्याचं. स्टिरिओ एलपी बाजारात आली १९५७-५८च्या सुमाराला. त्याआधी ७८वर निघालेलं हिंदी किंवा मराठी गाणं पुढे ‘स्टिरिओ’ एलपीवर दिसलं तर संशय धरा. उलट दिशेने मात्र घाई नको. १९६० नंतरचं म्हणून खरं, असं काही नाही. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ १९६६चा, तरी अमेरिकेत तेव्हा जी स्टिरिओ आवृत्ती विकली गेली ती ड्युओफोनिक होती. बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’ १९६३चं, आणि त्याचा खरा स्टिरिओ मिक्स नाहीच. स्टिरिओ संकलनात ते बनावट करूनच घातलं. म्हणजे एकाच एलपीवर अकरा गाणी खरी आणि एक बनावट, असंही होतं. प्रत्येक गाणं वेगळं तपासा.

> थांबा: लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक बघून निकाल लावणारे पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या पार्लोफोनवर एक्सईएक्स म्हणजे मोनो आणि वायईएक्स म्हणजे स्टिरिओ, हे बरोबर. पण तो क्रमांक खाच कशी *कापली* ते सांगतो. मूळ टेप मोनो असली आणि बनावट स्टिरिओ करून कापली, तरी खाच स्टिरिओच असते.

## २. प्लेअरची परीक्षा

आता खात्रीची मोनो रेकॉर्ड लावा, अँप्लिफायर स्टिरिओवर ठेवा, हेडफोन घाला. गायकाचा आवाज नाकासमोर, डोक्याच्या मधोमध आला पाहिजे.

आवाज एका बाजूला झुकत असेल तर बॅलन्स फिरवून मध्ये आणा आणि नॉब तिथेच राहू द्या. आवाज मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाहेर तरंगतोय, खर्ज पातळ झालाय, डोकं थोडं गरगरतंय, असं वाटलं तर एका चॅनलच्या तारा उलट्या आहेत. माझ्या मित्राचं हेच झालं होतं. कार्ट्रिजच्या मागे पांढरी आणि निळी डाव्याची, तांबडी आणि हिरवी उजव्याची. पांढरी आणि तांबडी धन, निळी आणि हिरवी ऋण. चिमट्याने हळू काढून नीट बसवा. आधी अँप्लिफायर बंद करा, नाहीतर स्पीकरला धडकी भरते.

मग स्टिरिओ रेकॉर्ड लावा. वाद्यं आपापल्या जागी पसरली पाहिजेत.

> तपासा: मोनो मधोमध आणि स्टिरिओ पसरलेला, हे दोन्ही झालं तरच पुढचं पान.

## ३. कानाने ऐका, पण एका वाद्याच्या मागे लागा

सगळं गाणं एकदम ऐकलं तर काही कळत नाही. ‘भारी पसरलंय’ एवढंच वाटतं. एक वाद्य धरा आणि त्याची पाठ सोडू नका.

हार्मोनियम सगळ्यात चोख पुरावा देते. खालच्या सुरांवरून वर चढत जाणारी एखादी जागा शोधा. खऱ्या स्टिरिओत पेटी जिथे बसली तिथेच बसते. सूर वर गेला म्हणून वादक उठून दुसऱ्या कोपऱ्यात जात नाही. गाळलेल्या बनावट स्टिरिओत नेमकं तेच होतं: खर्जाचे सूर एका कानाकडे, मध्य सप्तक मधोमध, आणि तार सप्तकाकडे जाता जाता पेटी सरकत दुसऱ्या कानाशी पोचते. एकदा हे ऐकलंत की विसरणार नाही.

पेटी नसेल तर गायकाचा आवाज. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं पकडा. ‘सावळा’ म्हणताना ‘सा’मधली सळसळ उजवीकडून आणि मागचा ‘आ’ डावीकडून येत असेल, तर एका माणसाचं तोंड दोन जागी आहे. हे नैसर्गिक नाही.

तबल्यावरून निकाल देऊ नका, असं मी मुद्दाम सांगतो. डग्गा एकीकडे, चाट दुसरीकडे हे बनावटात होतंच, पण नंतरच्या काळातल्या खऱ्या स्टिरिओतही दोन माइक लावून तबला-डग्गा मुद्दाम लांब ठेवलेले असतात. पुरावा असा हवा की जो एकाच तोंडातून, एकाच तारेतून किंवा एकाच भात्यातून येतो.

आता दोन फसव्या जागा. पहिली: १९६०च्या दशकातल्या काही रेकॉर्डमध्ये गाणारा पूर्ण डावीकडे आणि सगळी वाद्यं पूर्ण उजवीकडे असतात. ऐकायला विचित्र वाटतं म्हणून लोक ‘हा बनावट’ म्हणतात. तो खरा आहे. दोन ट्रॅकवर वेगवेगळं मुद्रण झालंय, म्हणूनच इतकं तुटक आहे. दुसरी: खरखर. घासलेल्या मोनो रेकॉर्डची खरखर स्टिरिओ कार्ट्रिजवर दोन्ही कानांत पसरते, कारण दोन भिंतींवरचे ओरखडे वेगळे असतात. गाणं मधोमध आणि करकर चहूकडे, हा मोनोचा नमुना आहे.

## ४. मोनोचं बटण दाबा

अँप्लिफायरवर ‘मोनो’ बटण असेल तर गाणं चालू असताना दाबा-सोडा करा. नसेल तर मुद्रित केलेली फाइल मोबाइलवर घ्या आणि सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू-बंद करा.

खरा स्टिरिओ मोनो केला की पसारा आवळतो, पण प्रत्येक वाद्य आणि त्याचा पोत शाबूत राहतो. गाळलेला बनावट मोनो केला की उलट *बरा* वाजतो. खर्ज आणि तीव्र स्वर पुन्हा एकत्र येतात, आवाजाला अंग येतं. ‘मोनो केल्यावर छान झालं’ हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप निघालं, तर अर्धा निकाल लागला.

विलंबाचा बनावट मोनो केला की आवाज पोकळ होतो, पाण्याच्या पाइपातून गायल्यासारखा. कारण साधं आहे. तोच आवाज स्वतःच्याच उशिरा आलेल्या प्रतीशी मिसळला की काही कंपनं एकमेकांना खातात. विलंब ५ मिलिसेकंद असेल तर १०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग ३००, ५००, ७००ला, असं वरपर्यंत. सगळ्या आवाजाला कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात.

> थांबा: सुईवर जळमट असेल तरीही आवाज पोकळ आणि दबका येतो. शंका आली की सुई पुसून पुन्हा ऐका.

## ५. वजाबाकी

खरा निकाल इथेच लागतो आणि हाच टप्पा लोक टाळतात. डाव्यातून उजवा वजा करायचा. दोन्हीकडे जे सारखं आहे ते नाहीसं होतं, वेगळं तेवढं उरतं.

ऑडॅसिटीत गाण्याचा एखादा मिनिट मुद्रित करा. पट्टीच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’. खालची पट्टी निवडून ‘इन्व्हर्ट’. मग दोन्ही निवडून ‘मिक्स अँड रेंडर’. झालं.

त्याआधी मात्र दोन्ही पट्ट्यांची पातळी जुळवा. तुमची खात्रीची मोनो रेकॉर्ड आधी मुद्रित करा आणि वजाबाकीत ती कमीत कमी उरेपर्यंत एका पट्टीचा आवाज थोडा थोडा कमी-जास्त करा. जो आकडा मिळेल तो लिहून ठेवा आणि प्रत्येक रेकॉर्डला तोच लावा. हे का? दोन बाजूंत फक्त १ डेसिबलचा फरक राहिला तरी मूळ आवाजाचा साधारण आठवा हिस्सा मागे उरतो. मग चांगली मोनो रेकॉर्डही गुन्हेगार दिसते.

आता काय उरलं ते ऐका.

*जवळजवळ काहीच नाही,* फक्त करकर आणि घरघर: रेकॉर्ड मोनो आहे, लेबल काहीही म्हणो.

*गायक गायब, पण बाजूची वाद्यं स्वच्छ,* आणि गायकाच्या आवाजाचा नुसता घुमारा मागे रेंगाळतोय, जसं माणूस खोलीतून गेला आणि अत्तर राहिलं: खरा स्टिरिओ, गायक मधोमध ठेवलेला.

*गायक जातच नाही,* उलट पातळ, चिरका होऊन सगळ्या वाद्यांसकट समोर उभा: गाळलेला बनावट.

*सगळंच शिल्लक, आणि सगळंच पोकळ:* विलंबाचा बनावट.

*गायक आणि जुनी वाद्यं गायब, पण एखादा बाँगो, गिटार किंवा ड्रम लख्ख ऐकू येतोय:* मिश्र. जुन्या गाण्यावर नंतर ठेका चढवलाय.

एक सवलत ठेवा. शास्त्रीय मैफल दोन माइकच्या जोडीने समोरून मुद्रित केली असेल तर गायक पूर्ण गायब होत नाही, कारण तो माइकांच्या बरोबर मध्ये बसलेला नसतो. अशा वेळी उरलेला आवाज पातळ किंवा पोकळ आहे का, एवढंच बघा. नसेल तर खरा.

आणि आपल्या उन्हाची गोष्ट इथे पुन्हा येते. वाकलेली रेकॉर्ड सुईला वर-खाली नेते, आणि वर-खाली म्हणजेच वेगळेपणा. ३३⅓च्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा. वजाबाकीत दर १.८ सेकंदांनी ‘धप्प’ असा खर्जाचा आवाज येत असेल तर ती वाकलेली रेकॉर्ड आहे, स्टिरिओ नव्हे. ‘हाय-पास फिल्टर’ लावून १०० हर्ट्झच्या खालचं उडवा आणि मग ऐका.

> थांबा: अँप्लिफायरच्या दोन्ही धन टोकांमध्ये एक स्पीकर जोडून वजाबाकी ऐकायची जुनी युक्ती कोणी सांगेल. ती चालते, पण सगळ्या अँप्लिफायरवर नाही. काहींचा आउटपुट जळतो. फाइलवर करा.

## ६. डोळ्यांनी खात्री

पट्टी इतकी मोठी करा की एकेक लाट दिसेल. तबल्याचा एखादा ठळक ठोका शोधा. दोन्ही पट्ट्यांवर तोच ठोका, तोच आकार, पण एकीकडे ५-१० मिलिसेकंद उशिरा, आणि प्रत्येक ठोक्याला तेवढाच उशीर? मग वाद संपला. गाळणीसाठी ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ने दोन्ही पट्ट्यांचा आलेख वेगवेगळा काढा. एकाचा खर्ज चिरलेला आणि दुसऱ्याचा माथा चिरलेला दिसेल.

चित्रावरूनच सुरुवात मात्र करू नका. एका बाजूची घासलेली खाच चित्रात गाळणीसारखीच दिसते. अँटी-स्केट (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी सोय) नसलेल्या जुन्या प्लेअरवर सुई आतल्या भिंतीला जास्त रेटते आणि दोन बाजू वेगळ्या झिजतात.

## बनावट निघाली तर

फेकू नका, पण त्याचे जास्तीचे पैसेही देऊ नका. माझ्या मते त्याच गाण्यांची बरी मोनो प्रत मिळत असेल तर ती घ्यावी. दुकानात प्लेअर नसेल तर लेबल, बारीक अक्षरं आणि गाण्याचं साल एवढ्यावरच भाव करा. ‘स्टिरिओ आहे साहेब’ याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

घरी असलेली गाळलेली बनावट रेकॉर्ड मोनोचं बटण दाबून ऐका. विलंबाची असेल तर मोनो बटण *दाबू नका*, पोकळ होईल. दोन्हीपैकी ज्या बाजूला आवाज भरदार आहे ती एकच बाजू दोन्ही स्पीकरना द्या. मिश्र प्रकाराला उपाय नाही. चढवलेला बाँगो काढता येत नाही, मूळ शोधावं लागतं.

निकाल आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा, गाण्यागणिक: ‘बाजू १, गाणं ३, विलंब, डावी बरी’. लिहिण्याआधी रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढा. मित्राने न काढताच लिहिलं होतं, तेही बॉलपेन दाबून. त्या चारशेवाल्या एलपीवर आता तिसऱ्या गाण्याच्या जागी त्याच्या अक्षराचा ‘ड’ वाजतो.